लेकीचं मेजर, मायनर आणि मावशीचा आकडा

मी एसटीत कंडक्टर आहे. पूर्णा ते परभणी ही माझी रोजची फेरी, आणि पूर्ण्यातच रेल्वे लाइनीच्या अलीकडं आमची गल्ली. माझा आवाज मोठा आहे असं घरात, गल्लीत, डेपोत सगळेच म्हणतात. असणारच की! भरल्या गाडीत "मागं सरका, मधी जागा हाय" असं दिवसभर ओरडणाऱ्या बाईनं घरी येऊन कोकिळेसारखं बोलावं म्हणता? मी नवऱ्याला "चहा घेता का" विचारलं तरी शेजारीण दारात येऊन उभी राहते, भांडण बघायला. तेव्हा हे सगळं मोठ्या आवाजातच ऐकून घ्या.

माझ्या लेकीनं कॉलेजात मेजर काय घेतलं आणि मायनर काय घेतलं, ते सांगायचं आहे. विषय शिकायचे तिनं, पण ते ठरले आमच्या गल्लीत, आणि त्यातही एका भाजीवाल्या मावशीमुळं. ह्या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. तोंडावर सांगायला गेले तर "लय झालं, बस आता" म्हणतील, म्हणून लिहून ठेवते.

आमच्या तिकिटाच्या मशीनवर फोननं पैसे घ्यायची सोय आली तेव्हा मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! कंडक्टरच्या जिवाला सगळ्यात मोठा घोर सुट्ट्यांचा. तो निम्मा तरी मिटला. पण दुसरंच सुरू झालं. म्हातारी माणसं फोन माझ्या हातात द्यायची, "तूच दाब बाई, मला दिसत न्हाई" म्हणायची, आणि वर आपला पिन खणखणीत आवाजात सांगायची. एकदा एक धोतरवाले बाबा अगदी मागच्या सीटवरून ओरडले आणि मी पुढच्या दाराजवळ. अख्ख्या गाडीनं त्यांचा पिन ऐकला. मी म्हटलं, "बाबा, आता डायवरलाबी पाठ झाला तुमचा नंबर!" गाडी हसली, बाबाही हसले. "घेऊन घेऊन काय घेतील? हायच किती त्यात?" म्हणाले.

घरी भाकरी थापताना मी ही गंमत सांगितली. लेक तेव्हा बारावीला होती. ती आधी पोट धरून हसली आणि मग विचारायला लागली, "मम्मी, त्यायनं मोठ्यानं कामून सांगितलं असंल?"

"कामून म्हंजे? गाडीचा आवाज लय होता."

"तसं न्हाई. माणूस एटीएमचं कार्ड बंडीच्या आतल्या खिशात लपवतंय आणि नंबर मातर गाडीभर सांगतंय, असं कामून?"

मला काय ठाऊक! मी म्हटलं, भाकर करपायली, जरा तिकडं बघ.

बहुतेक त्यातूनच तिच्या डोक्यानं घेतलं. फोनवरून पैसे जातात-येतात त्या सगळ्या धंद्याला फिनटेक म्हणतात, हे मला तिनंच सांगितलं. बारावीचा निकाल लागला तशी म्हणाली, मला त्यात काम करायचंय. आता कॉलेजात पूर्वीसारखं राहिलं नाही. एक विषय मुख्य घ्यायचा, तो मेजर. सोबत दुसरीकडचा एखादा धाकटा विषय घ्यायचा, तो मायनर. लेकीनं हे मला लय वेळ समजावलं. शेवटी मीच म्हटलं, "एवढं कशाला घोळायलीस? मेजर म्हंजे भाकर आणि मायनर म्हंजे तिच्यासंगं खायचं कोरड्यास."

"हाव मम्मी, तसंच!" तिला ते एवढं आवडलं की मैत्रिणीलाही फोन करून सांगितलं. मग भाकर कशाची आणि कोरड्यास कशाचं, एवढंच ठरवायचं राहिलं होतं. पण त्या एवढ्याशा गोष्टीवरून आमचं घर महिनाभर धुसफुसत होतं.

त्याचं कारण आमचे भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर. ते बँकेत कॅशियर होते, आता रिटायर झालेत. आमच्या गल्लीतून बँकेत लागलेला पहिला माणूस. त्यांनी माझ्या नवऱ्याला शिकवलं, रेल्वेत लागेपर्यंत सांभाळलं, आणि लग्नानंतर मला कंडक्टरच्या परीक्षेला बसवलं तेही त्यांनीच. "घरात बसून आवाज वाया घालू नको" म्हणाले होते. माझ्या अंगावर खाकी आहे ती ह्या माणसामुळं. अशा माणसाचा शब्द घरात कोण मोडणार?

लेक त्यांना मोठे पप्पा म्हणते. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मेजर कॉमर्स, मायनर कॉम्प्युटर, आणि पदवी झाली की बँकेची परीक्षा. "बाळा, पैशाच्या कामात ज्याला हिशोब कळतो तोच टिकतो. कॉम्प्युटरवाल्यायचं काय, कंपनी चालू तवर चालू." लेकीला मात्र मेजर कॉम्प्युटरच हवं होतं. मायनरचं तिचंही पक्कं नव्हतं. कधी संख्याशास्त्र म्हणायची, कधी अर्थशास्त्र. कॉलेजात मानसशास्त्रही होतं. ते तिनं एकदा हळूच बोलून पाहिलं, तर भाऊजी म्हणाले, "येड्यायच्या डॉक्टरचा विषय तो. तुला काय करायचं?" तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुमी ठरवा." त्याचं आयुष्यभर हेच. पोरीचं नाव ठेवायच्या वेळीही हेच म्हणाला होता.

आमच्या गल्लीत एक रीत आहे. पोरगा असो का पोरगी, बारावी पास झालं की रविवारी बुद्धविहारात वंदना झाल्यावर त्याचा सत्कार होतो. गुलाबाचं फूल, पेन आणि पेढा. आणि पेढा तोंडात असतानाच सल्ले सुरू. ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही तेही सांगणार, हे शीक, ते शीक. पूर्वी मला राग यायचा. आता येत नाही. ज्याला स्वतःला शिकायला मिळालं नाही त्यानं दुसऱ्याच्या लेकराच्या शिकण्यात बोलावंच. कुणीतरी असं बोललं म्हणूनच तर आमची एकेक पिढी शाळेत गेली.

सत्काराच्या दिवशी लेकीनं भाषणात सांगून टाकलं की गल्लीतल्या सगळ्या बायांना मी फोनवरून पैसे द्यायला-घ्यायला शिकवीन. टाळ्या पडल्या. पुढच्या रविवारपासून वंदना संपली की विहारातल्या सतरंजीवर तिचा वर्ग भरायला लागला. बायका पुढ्यात फोन घेऊन बसायच्या आणि ही उभी राहून सांगायची, "चार आकडे टाका. कुणालाच सांगू नका. मलाबी न्हाई. नवऱ्यालाबी न्हाई." नवऱ्यालाही नाही म्हटल्यावर बायकांचे चेहरे काय खुलले! एकेकीनं पदराआड फोन धरून, भिंतीकडं तोंड करून आकडे टाकले. शिकवणाऱ्या पोरीलाही कुणी नुसतं बघायलासुद्धा जवळ येऊ दिलं नाही.

सगळ्यात पुढं मावशी बसायची. ही मावशी नात्यानं कुणाचीच नाही आणि म्हणून सगळ्या गल्लीची. नवरा लवकर गेला. भाजी विकून पोरं वाढवली, आता पोरगा पुण्याला असतो. ती सकाळी माझ्याच गाडीनं परभणीच्या मंडईत जायची आणि माल घेऊन माझ्याच गाडीनं परत यायची. रोज एक टोमणा ठरलेला. बायांना अर्धं तिकीट झालं तेव्हा मला विचारते कशी, "आता अर्ध्याच बुडावर बसायचं का गं?" गाडीत माझी बोलती बंद करणारी तेवढी एकच बाई.

तर एका रविवारी मी ड्यूटीवरून घरी येऊन चपला काढते तोच दारात बोंब. अंगणवाडीची मदतनीस बाई, आमच्या चार घरं पलीकडची, केस सुटलेले, हातात फोन. "कुठं हाय तुझी पोरगी? माझे पैसे गेले! औषधं घ्यायला मेडिकलात गेले तर फोन म्हणतो शिल्लकच न्हाई! बघितलं तर शंभरबी न्हाईत!" लेक आतून धावत आली, घाबरून पांढरी पडलेली. गल्ली गोळा झाली. भाऊजीही आले. कुणी म्हणालं पोलिसात जा, कुणी म्हणालं बँकेत जा. तेवढ्यात त्या बाईच्या हातातला फोन वाजला. तिनं उचलला. पलीकडून मावशीचा पोरगा म्हणतोय, "आई, जेवलीस का?"

"मी तुझी आई न्हाई रे मेल्या!"

मग उलगडा झाला. दोघींचे फोन एकाच दुकानातले, एकाच दिवशी घेतलेले, दोन्हीला तेच गुलाबी कव्हर, दोन्हीवर बुद्धाचा तोच फोटो. सकाळी वंदनेच्या वेळी दोन्ही फोन सतरंजीवर शेजारी-शेजारी पालथे ठेवलेले, उठताना अदलाबदल झाली. मदतनीस बाईनं मावशीची शिल्लक पाहिली आणि टाहो फोडला. मावशीला बोलावलं. तिनं तर तोवर मदतनीस बाईच्या पैशानं किराणा आणला होता, चहापत्तीसकट! सगळे हसायला लागले. मदतनीस बाईही हसली. "चहा पाजावा लागंल मग," म्हणाली.

हसले नाहीत ते भाऊजी. ते म्हणाले, "थांबा. फोन बदलला ते समजलं. पण पिन कसा काय चालला? हिचा पिन त्या फोनवर आणि तिचा ह्या फोनवर?"

लेकीनं घाईनं हात वर केला, "सांगू नका, कुणीच सांगू नका." पण सांगायची गरजच नव्हती. सगळ्यांची मान आपोआप विहाराच्या कमानीकडं वळली. कमानीवर निळ्या रंगात धम्मदीक्षेचं साल लिहिलेलं आहे. मोठ्या अक्षरात, रोज येता-जाता दिसणारे ते चार आकडे. एक बाई तोंडाला पदर लावून हसली, मग दुसरी. सगळ्यांचा तोच! गल्लीतल्या एकूण एक बाईनं पदराआड, भिंतीकडं तोंड करून, जिवापाड लपवून तोच आकडा टाकला होता.

भाऊजींनी कपाळाला हात लावला. "काय म्हणावं तुमाला! बँकेत असता तर..." आणि लागले समजावायला, पिन कसा ठेवायचा, काय ठेवायचा. लेकीनं हळूच विचारलं, "मोठे पप्पा, तुमचा कोणता हाय?" ते खोकले. चष्मा काढून पुसायला लागले. मला हसू आवरेना, कारण माझाही तोच होता. खोटं कशाला बोलू? मला चार आकडे टाका म्हटल्यावर दुसरे कोणते आठवणार? जन्माची तारीख शाळेच्या मास्तरानं अंदाजे लिहिलेली. हे साल मात्र अंदाजाचं नाही.

तिथवर सगळं गमतीत होतं. पण जाता जाता मदतनीस बाई बोलून गेली, "नको बाई हे फोनचं. रोखीचंच बरं. पुस्तकं वाचून माणसं कळत न्हाईत." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी तिला असं झापलं, असं झापलं, की रेल्वे लाइनीपलीकडं ऐकू गेलं असेल. चहापत्तीचे पैसेही मोजून घे म्हटलं. पण लेकीच्या मनाला ते लागलं ते लागलंच. पुढच्या रविवारी वर्गाला मावशी सोडून कुणी आलं नाही. लेक घरी आली, जेवली नाही, आणि संध्याकाळी भाऊजींच्या दारात जाऊन म्हणाली, "मोठे पप्पा, मी कॉमर्सच घेते. बँकेची परीक्षा देते. ते दुसरं मला जमायचं न्हाई."

भाऊजी खूश झाले. मी तिच्या मागोमाग आले होते, मला तिथंच उंबऱ्यावर रडू आलं. कॉमर्स वाईट आहे म्हणून नाही. ज्यांनी कॉमर्स शिकून आमचं घर उभं केलं त्यांच्या घराच्या उंबऱ्यावर बसून मी कॉमर्सला वाईट कसं म्हणेन? पण आवडीनं घेतलेला विषय वेगळा आणि हार मानून घेतलेला वेगळा, एवढं मलाही कळतं. कॉलेजात विषय पक्के करायचा शेवटचा दिवस आठ दिवसांनी येणारा सोमवार होता. आठवडाभर मी तिला काही बोलले नाही. मी बोलले नाही! आमच्या गल्लीत ही बातमी झाली.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, भाऊजीच विहारात उठून उभे राहिले. म्हणाले, "पोरीनं शिकवलं ते चुकीचं न्हवतं. चुकलं आपलं. आज सगळ्यायनं आपापला आकडा बदला, मीबी बदलतो. तिला समजावू द्या." लेकीचं मन नव्हतं, तरी उठली. मोठ्या पप्पांचा शब्द. बायका ऐकत होत्या, माना डोलावत होत्या. मावशी मात्र अडून बसली.

"मी न्हाई बदलणार. त्या सालानं आपल्याला माणूस केलं. त्या आकड्यावर कोण चोर हात टाकील?"

"मावशी, चोराला काय ठाव त्याचं?"

"आणि आपल्याच माणसायपासून लपवायचं कामून? माझ्या दाराला कधी कडी पाहिलीस?"

लेक तिच्यासमोर सतरंजीवर मांडी घालून बसली. मी दाराशी उभी होते. मला वाटलं आता ही बँकेसारखं बोलणार, फसवणूक, कायदा, असलं काही. पण तिनं मावशीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मावशी, ते साल आपल्या समद्यायचं हाय. त्यात वाटा नसलेला एकबी माणूस इथं न्हाई. पण कुलूप एकट्याचं असतंय. समद्यायचं हाय ते कमानीवरच राहू दे. कुलपाला तुझं एकटीचं काहीतरी लाव. कुणालाच ठाव नसलेलं."

मावशी विचार करायला लागली. बायका सुचवायला लागल्या, पोराची जन्मतारीख ठेव. ती म्हणाली, ती तर समद्यायला ठाव. लग्नाची तारीख? तीही. नवरा गेला तो दिवस? गल्लीनंच तर खांदा दिला होता. ती एकेक बोट मुडपत गेली, आणि मग पोरीकडं बघून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माझं एकटीचं काय हाय गं?"

वर्ग तसाच संपला.

सोमवारी सकाळी माझीच गाडी होती. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर, लेक खिडकीशी. दोघं कॉमर्स घ्यायला निघालेले. मावशी रोजच्यासारखी रिकाम्या टोपल्या घेऊन चढली आणि आज लेकीच्या शेजारी जाऊन बसली. गाडी गावाबाहेर पडली तसा तिनं फोन पुढं केला. "बदलून दे. काल दिसभर धुंडलं. सापडलं."

लेकीनं बटणं दाबून फोन तिच्या हातात दिला आणि तोंड खिडकीकडं फिरवलं. मावशीनं पदर आडवा घेतला. मी मशीन घेऊन मधल्या जागेत उभी होते, मलाही तिनं डोळ्यानंच "तिकडं बघ" म्हटलं. मी बघितलं तिकडं, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. तिचं बोट फोनवर थांबलं होतं. ओठ हलत होते. डोळे भरून आले होते आणि तरी ती हसत होती, एखादी पोर सासरी जाताना आईनं गुपचूप हातात काही दिलं तर हसेल तशी. मग तिनं भराभरा आकडे टाकले. झालं म्हणाली. फोन कमरेला खोचला आणि उरलेला रस्ता टोपल्या मांडीवर घेऊन बसली. टोमणासुद्धा मारला नाही!

परभणीच्या स्टँडवर उतरल्यावर मावशी मंडईकडं गेली. लेक तिच्याकडं बघत उभीच राहिली. भाऊजी म्हणाले, चल बाळा, उशीर होतोय. ती म्हणाली, "मोठे पप्पा, तुमी रागावा, पण मी कॉमर्स न्हाई घेत. मेजर कॉम्प्युटर, आणि मायनर मानसशास्त्र. चार आकडे मागायला मी शिकले होते. ते मागितल्यावर माणसाच्या आत काय हलतंय ते मला ठावच न्हवतं. मला ते शिकायचं. ते ठाव नसंल तर मी केलेलं मशीन मावशीच्या काय कामाचं?"

मी आता भाऊजींकडं बघायलाच घाबरले. ते कॉलेजच्या दिशेनं चालायला लागले. माझी परतीची फेरी दुपारची होती, हातात वेळ होता, म्हणून मीही खाकीतच कॉलेजात गेले. तिथल्या बाबूंनी लेकीचे विषय ऐकले आणि भुवया उडवल्या. "कॉम्प्युटरबरोबर मानसशास्त्र? कॉमर्स घ्या, गणित घ्या. हे कशाला?" लेक काही बोलायच्या आत भाऊजी पुढं झाले. म्हणाले, "साहेब, मी जन्मभर बँकेच्या काचेआड बसलो. माझ्यासमोर माणसं यायची, थरथरत उभी राहायची, उगाच हसायची, सही करताना घामाघूम व्हायची. मला त्यायचे पैसे मोजता आले, माणूस वाचता आला न्हाई. तिला शिकू द्या ते. लिहा, मानसशास्त्र."

मी त्या माणसाच्या पाया पडले असते, पण तिथं कॉलेजची पोरं बघत होती. नंतर घरी पडले. ते म्हणाले, "उठ, लय नाटक करू नको."

लेक आता दुसऱ्या वर्षाला आहे. कॉमर्स तिनं सोडलं असं भाऊजींना वाटू नये म्हणून ती रोज संध्याकाळी त्यांच्याकडून हिशोब शिकते, आणि त्यांना कॉम्प्युटर शिकवते. दोघांची भांडणं ऐकण्यासारखी असतात. पुढं तिला नोकरी कुठं लागेल, लागेल की नाही, मला माहीत नाही. लोक विचारतात, असल्या विषयांनी पोट भरतं का? भरेल की. भाकर आहे, कोरड्यास आहे, आणि वाढणारे हात आहेत एवढे. माझ्या पोरीच्या ताटात कुणाकुणाचा घास आहे ते मला पक्कं माहीत आहे, आणि मी ते विसरणार नाही.

पण त्या सोमवारचं अजून थोडं राहिलं. कॉलेजातून आम्ही स्टँडवर आलो आणि परतीची गाडी काढली. भाऊजी आणि लेक शेजारी-शेजारी बसले. मावशी भरल्या टोपल्या घेऊन चढली. भेंडी, गवार, वर कोथिंबिरीच्या जुड्या. मी तिकिटाला तिच्याजवळ आले तशी तिनं कमरेचा फोन काढला. "धर तुझं मशीन पुढं." पदर आडवा घेतला, आकडे टाकले, पैसे आले. एवढ्या महिन्यांत गाडीत तिनं फोननं दिलेलं हे पहिलंच तिकीट. मला राहवलं नाही. खाली वाकले आणि कानात विचारलं, "मावशी, मला तर सांग. काय ठेवलंस?"

भाऊजींचेही कान टवकारलेले. लेक मात्र मान वळवून मावशीकडंच बघत होती. मावशीनं ताकास तूर लागू दिली नाही. फोन कमरेला खोचला, पदर नीट केला आणि हात पुढं केला.

"तिकीट दे गुमान," ती म्हणाली. "ते माझं एकटीचं हाय."